शेवटच्या कडव्यातली जयवंता

जयवंताची गोष्ट सांगायची तर सुरुवात देवरावापासून करावी लागते, आणि हेच तर तिचं दुखणं होतं. नागपूरच्या इंदोऱ्यात कोणालाही विचारा, जयवंताबाई कुठे राहते, तर समोरचा आधी डोकं खाजवायचा आणि मग म्हणायचा, "अच्छा, आपल्या देवराव शाहिराची बाई का?" देवराव जाऊन दोन वर्षं झाली होती तरी ती देवरावाचीच बाई होती. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात अठरा वर्षं ती आयाबाईचं काम करत होती, तिथे तर तेवढीही ओळख नव्हती. आयाबाई, चादर बदला. आयाबाई, इकडे पोछा मारा. डॉक्टर बदलले, नर्सा बदलल्या, भिंतींचा रंग दोनदा बदलला, पण तिला नावानं हाक मारायचं कोणाला सुचलं नाही.

देवराव मिलमध्ये होता. दिवसा मिल आणि सुटीला गाणं. ‘देवराव रामटेके आणि पार्टी’ असा निळ्या कापडावरचा बोर्ड, एक पेटी, एक ढोलक, दोन झांजा आणि मागे बसून धृपद, म्हणजे पालुपद, ओढायला चार-सहा बायामाणसं. एप्रिलातली जयंती असो, दसऱ्याचा धम्मचक्र दिन असो की कोणाच्या घरचं बारसं असो, देवरावाची पार्टी आली की गल्ली भरायची. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं झोपलेलं पोट्टं उठून बसावं. आणि गाणी? वा! दरवर्षी नवीन. लोक म्हणायचे, "मिलमध्ये साचा चालवता चालवता या माणसाले सुचते तरी कसं बाप्पा?"

त्याला सुचत नव्हतंच. सुचायचं जयवंताला.

दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात ती पोछा मारायची. पोछा डावीकडून उजवीकडे गेला की एक ओळ, परत आला की दुसरी. वऱ्हांड्याच्या टोकाला पोचेपर्यंत एक कडवं बसलेलं असायचं. लिहायचा प्रश्नच नव्हता. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली होती, दुकानांच्या पाट्या सावकाश वाचायची, पण गाणं कागदावर मांडणं तिच्या हातचं नव्हतं आणि तिला त्याची गरजही वाटली नाही. सगळं डोक्यात. घरी येऊन चुलीपाशी ती म्हणून दाखवायची, देवराव पेटीवर चाल लावायचा, आणि आठ दिवसांत ते गाणं चौकात उभं राहायचं.

आता या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. अमका म्हणे, तमका सांगे. ऐकणारे त्या नावाची वाट पाहत बसलेले असतात. नाव आलं की गाणं पुरं झालं, मग टाळी. नाव नसेल तर म्हातारी माणसं सरळ विचारतात, "हे बेवारस कुठून उचलून आणलं गा?" म्हणून जयवंतानं पहिलं गाणं रचलं तेव्हा शेवटच्या कडव्यापाशी ती थांबली आणि नवऱ्याकडे पाहिलं. देवराव हसला. म्हणाला, "बाईचं नाव घेतलं तं लोक हासतील वं. अन् तुह्यं माह्यं काय वेगळं हाये?"

तिलाही ते पटलं, किंवा पटल्यासारखं वाटलं. लग्नाला तेव्हा चारच वर्षं झाली होती. तिनं आपल्याच तोंडानं ‘देवराव म्हणे’ अशी ओळ जुळवून दिली. पुढे वीस वर्षं तिनं किती गाणी रचली ते तिलाही सांगता आलं नसतं, पण प्रत्येकाच्या शेवटी तिनंच देवरावाला बसवलं होतं. चोरी म्हणावी तर चोर घरचा आणि मालही घरातल्या बाईनंच बांधून दिलेला. देवराव वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारणं नाही, पगार हातात आणून द्यायचा. फक्त लोक वाहवा करायचे तेव्हा तो मागे वळून पाहत नसे.

ब्याऐंशी साली तो गेला. शोकसभेला अख्खी वस्ती लोटली. पेटी वाजवणारे गोपाळराव त्याचे जिवाभावाचे सोबती, रेल्वेत खलाशी होते, त्यांनी उभं राहून डोळे पुसले आणि म्हणाले, "देवरावसंगं त्याचं गाणंही गेलं. आता असं गाणं पुन्हा होणे नाही."

जयवंता बायकांच्या बाजूला बसली होती. नवरा गेल्याचं दुःख होतंच, खरं होतं, पण त्या क्षणी तिला उभं राहून ओरडावंसं वाटलं की अहो, मी इथं बसली आहे ना! शेजारच्या मीराबाईनं तिचा हात दाबला. तिला वाटलं, बाई रडायला आली.

त्याच सुमाराला नागपुरात कॅसेटचं वारं आलं. पूर्वी एक गाणं पाच-पाच वर्षं चालायचं. आता टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, पानठेल्यावर टेपरेकॉर्डर आले आणि लोकांच्या तोंडी एकच प्रश्न: नवीन काय? दसऱ्याच्या महिनाभर आधीपासून भिंतीवर पोस्टर चिकटायची, ऑटोला भोंगे बांधून जाहिरात फिरायची. यंदा अमक्याची कॅसेट, यंदा तमकीची, दहा गाणी, सगळी नवीकोरी. दीक्षाभूमीवर लाखो माणसं यायची, पुस्तकांच्या दुकानांना लागून कॅसेटची दुकानं मांडली जायची, आणि परत जाताना शिदोरीच्या पिशवीत एक तरी नवी कॅसेट असल्याशिवाय खेड्यातला माणूस गाडीत बसायचा नाही.

विश्वनाथ हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्यानंही ‘पिंपळपान कॅसेट’ नावाची कंपनी काढली. कंपनी म्हणजे गड्डीगोदामात एक खोली, भिंतींना ठोकलेल्या गाद्या आणि चार टेप. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात तो गोपाळरावांकडे आला. देवरावाची नऊ गाणी त्याला पाहिजे होती. दहावं मात्र नवं हवं होतं.

"पोस्टरवर लिवाचं हाये, एकदम नवीन गाणं," विश्वनाथ म्हणाला. "यंदा मार्केटमध्ये आठ कॅसेटी येऊन राहिल्या. जुन्याच गाण्यावर कोण घेईन?"

गोपाळराव म्हणाले, "देवराव तं गेला. नवीन कुठून आणू?"

जयवंता चहा घेऊन आली होती. पार्टीची बैठक अजून तिच्याच घरी भरायची, कारण पेटी तिथे होती. तिनं कपबश्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "मी देतो ना."

दोघंही तिच्याकडे पाहत राहिले. तिनं पदर खोचला, भिंतीला टेकून बसली आणि म्हणायला सुरुवात केली.

हे गाणं तिनं देवरावाला कधी दिलं नव्हतं. ते तिच्या आईचं होतं. आई अंजनाबाई, पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षा घ्यायला निघताना पांढरं नेसून यायचं असा निरोप गावोगाव गेला होता. अंजनाबाईकडे बाहेर नेसायचं एकच लुगडं, पांढरं खरं, पण लाल काठाचं. दुसरं आणायची ऐपत नव्हती. मग तिनं दोन दिवस अंगणात बसून त्या काठाचे लाल दोरे ओढून काढले. सुईच्या टोकानं दोरा उचलायचा, ओढायचा, तुटला की पुन्हा टोक शोधायचं. चौदा वर्षांची जयवंता लुगड्याचं दुसरं टोक ताणून धरायची. दोन्ही कडांना नुसत्या दशा लोंबत राहिल्या. तेच नेसून माय निघाली आणि तिच्या मागे मागे पोरगी.

तिसरं कडवं आलं:

काठ उसवला धागा न धागा,
लाल दोऱ्याला ठेवली न जागा,
उजाडलं तसे उचलले पाय,
पांढरं नेसून निघाली माय.

गोपाळरावांनी नकळत पेटी पुढे ओढली. विश्वनाथचा चहा निवला. मग जयवंतानं एक श्वास घेतला आणि शेवटचं कडवं म्हटलं:

लुगडं विरलं, वाट ना विरली,
लेकीच्या पायी ती वाट उरली,
जयवंता म्हणे, थकले न पाय,
पांढरं नेसून चालली माय.

बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःचं नाव सुरात घेतलं होतं. कान तापले होते. ती वाट पाहत होती.

गोपाळराव अगदी मायेनं म्हणाले, "वा! देवरावनं तुमच्या नावाचं एक लिहून ठेवलं होतं काय? कधी बोलला नाही लेकाचा."

यावर माणसानं काय बोलावं? जयवंता म्हणाली, "मी केलं भाऊ. हे बी, अन् पहिलेचे बी."

"हाव हाव," गोपाळराव म्हणाले. समजूत काढायचा सूर होता तो. विधवा बाई, मन दुखवू नये, असा. विश्वनाथला तर कोणी केलं याच्याशी घेणंच नव्हतं. तो म्हणाला, "नाव काय घालाचं ते घाला, गाणं फस्क्लास हाये." जयवंतानं मनाशी म्हटलं, ठीक आहे. आज खरं वाटत नाही तर नको. कॅसेट निघाली, शेवटच्या कडव्यात नाव आलं, की गावोगावचे लोक ऐकतील. गोपाळरावांच्या हाव-हावनं काय फरक पडतो?

रेकॉर्डिंग एका रविवारी झालं. आवाज येतो म्हणून पंखा बंद. गाद्यांच्या त्या खोलीत दहा माणसं घामानं निथळत होती. जयवंता आणि मीराबाई मागे धृपदाला. चार गाणी झाली, मग तिचं. ते पहिल्या बाजूच्या शेवटी ठेवायचं गोपाळरावांनी ठरवलं होतं. "पहिले देवरावची होऊ द्या, बाईचं शेवटी घेऊ," असं ते सहज बोलून गेले आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, जयवंतालाही नाही. गोपाळरावांनी गायला सुरुवात केली आणि त्यांना रंग चढला. हरेक कडव्यापुढे आलाप. विश्वनाथ काचेआडून हातातलं घड्याळ दाखवतोय आणि हे डोळे मिटून तान घेताहेत! पण शेवटचं कडवं त्यांनी फार सुंदर म्हटलं. जयवंता म्हणे, यावर तर त्यांनी असा काही सूर लावला की मीराबाईनं तिला कोपरानं ढोसलं. विश्वनाथनं हिशेब केला आणि अंगठा वर केला. तीस मिनिटांत बाजू बसली होती.

वेष्टणाचा कागद आधीच छापून झाला होता. त्यावर पिंपळाचं पान, देवरावाचा फोटो, आणि खाली ओळ: गीते, कालकथित देवराव रामटेके. जयवंतानं तो सावकाश वाचला आणि विश्वनाथला विचारलं. तो म्हणाला, "बाई, आता कुठं बदलू? पण गाण्यात हाये ना तुमचं नाव. कागद कोण वाचते?" तेही खरं होतं. ज्यांच्यासाठी ती गाणं रचायची त्यातल्या निम्म्या बायकांना कागद वाचताच येत नव्हता. त्यांना कानानंच कळायचं.

दसऱ्याला दवाखान्यातून तिनं सुटी घेतली. पांढरं पातळ नेसली. मीराबाईला घेऊन सकाळीच दीक्षाभूमीवर गेली आणि पिंपळपानच्या दुकानासमोर, माणसांच्या गर्दीत, जागा धरून उभी राहिली. कॅसेट लागली. एक गाणं, दोन, तीन, चार. मग तिचं. लोक थांबायला लागले. तिसऱ्या कडव्याला एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. जयवंता एक पाऊल पुढे सरकली. आता येणार. तिनं मनातल्या मनात ओळ धरली, लुगडं विरलं, वाट ना विरली...

खट्ट.

पट्टी संपली. दुकानदारानं कॅसेट काढली, उलटी करून घातली, आणि दुसऱ्या बाजूनं देवरावाचं गाणं सुरू झालं.

मीराबाई म्हणाली, "अवो माय, हे काय झालं वं?" जयवंताला वाटलं, याच एका कॅसेटचं असेल. तिनं दुकानदाराला दुसरी लावायला सांगितली. दुसरीही तिथेच, खट्ट. तिसरी लावायला तो तयार होईना, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

झालं होतं ते असं. विश्वनाथनं घाईत कोऱ्या कॅसेटी दिल्लीच्या कुठल्याशा स्वस्त व्यापाऱ्याकडून मागवल्या होत्या. वर लिहिलेलं साठ मिनिटं, आत पट्टी कमी भरलेली. त्याला तिनं दुसऱ्या दिवशी गाठलं तेव्हा तो खालमानेनं म्हणाला, "बाई, पट्टी कमी निघाली."

"किती?"

"असंन, दीड मिनिट."

दुसऱ्या बाजूला शेवटी नुसतं वाद्य होतं, तिथे कमी पडलं तरी कोणाला कळलं नाही. दीड मिनिट गेलं ते नेमकं हिचं.

"पुढच्या लॉटमध्ये दुरुस्त करतो," विश्वनाथनं शब्द दिला. आणि माणूस शब्दाचा पक्का निघाला हो! दिवाळीनंतर नवा लॉट आला. जयवंतानं लावून पाहिला. आता खट्ट होत नव्हतं. विश्वनाथनं बटण फिरवून तिसऱ्या कडव्यानंतर आवाज हळूहळू बारीक करत नेला होता. गाणं सुबक संपायचं. तो तिला म्हणाला, "आता कसं, ऐकाले बरं वाटते का नाही?" जयवंतानं त्याला जे सुनावलं ते गड्डीगोदामच्या चौकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. पण त्यानं पट्टी काही वाढली नाही.

आणि गाणं? ते तर असं चाललं की विचारू नका. पुढच्या जयंतीपर्यंत नागपूर, भंडारा, चंद्रपूर, जिकडे पाहावं तिकडे ‘पांढरं नेसून निघाली माय’. पानठेल्यावर तेच, वरातीत तेच. दवाखान्यातला वॉर्डबॉयही शिट्टीवर तेच वाजवायचा, आणि पोछा मारणाऱ्या बाईला म्हणायचा, "आयाबाई, जरा सरका." लोक कौतुकानं म्हणत, देवरावाचं शेवटचं गाणं. मरतानाही काय देऊन गेला माणूस! जयवंता सांगायची. गल्लीत सांगितलं, मंडळात सांगितलं, नळावर सांगितलं. बाया मान डोलवायच्या, "हाव ना बाई, तुमच्या घरचंच गाणं हाये." घरचं! त्या शब्दानं तिच्या अंगाची लाही व्हायची.

त्याहून वाईट पुढेच होतं. खेड्यापाड्यातल्या पार्ट्यांनी गाणं कॅसेटवरून उचललं. कॅसेटमध्ये शेवटचं कडवं नाही, आणि नावाशिवाय गाणं उभं करता येत नाही. मग ज्यानं त्यानं आपलं कडवं जोडलं. पुढच्या एप्रिलात इंदोऱ्याच्या चौकातच बाहेरगावची एक पार्टी आली. गाणाऱ्यानं तिसरं कडवं घोळून घोळून म्हटलं आणि शेवटी छातीवर हात ठेवून आपलंच नाव घेतलं, ‘बापूजी म्हणे’! टाळ्यांचा कडकडाट झाला. जयवंता तिथून तरातरा निघाली ती थेट गोपाळरावांच्या दारात.

"भाऊ, माह्या मायचं लुगडं नेसून तो माणूस नाचून राहिला तिकडं," ती म्हणाली. "अन् तुमी घरात बसून काहून राहिले?"

गोपाळराव म्हणाले, "अवो, गाणं तं चालून राहिलं ना. गावोगाव गाऊन राहिले लोक. अजून काय पाह्यजे?"

"नाव पाह्यजे," जयवंता म्हणाली. ती रडत होती आणि आपण रडतोय याचाच तिला राग येत होता. "वीस वर्षं त्याचं घातलं, मीच घातलं. एक डाव माह्यं घातलं तं तेवढंच काहून कापल्या जाते?"

पण त्या दिवशी गोपाळराव हाव-हाव म्हणाले नाहीत, एवढं खरं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

यानंतर जयवंतानं सांगणं सोडून दिलं. नवं गाणंही रचलं नाही. वऱ्हांड्यात पोछा नुसता पोछ्यासारखा चालायचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात दवाखान्यात भिवापूरची एक म्हातारी आली, प्रयागबाई. पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. साठीची, काटक, मिरच्या खुडून खुडून बोटांची टोकं करपल्यासारखी लाल. भेटायला येणारे तिसऱ्या प्रहरी निघून गेले की ती लोखंडी खाटेवर पडून गुणगुणायची. जयवंता वॉर्डात पोछा मारत होती. कानावर आलं, पांढरं नेसून निघाली माय. तिनं मनात म्हटलं, घ्या, इथंही आलं. आता ही कोणाचं नाव घालते पाहू.

तिसरं कडवं झालं आणि प्रयागबाई थांबली. गाणं थांबलं, बोटं थांबली नाहीत. खाटेच्या दांड्यावर तिनं नुसता ठेका धरला, चार ओळींना लागेल तेवढा, मोजून. मग धृपद उचललं आणि गाणं संपवलं.

पोछा हातात धरून जयवंता तिथेच उभी राहिली. म्हणाली, "माय, मधात हे नुसतं काहून वाजवलं वं?"

"त्या कॅसेटीत तिथून तुटलं हाये ना," प्रयागबाई म्हणाली. "आमच्या गावचे बाप्ये म्हणे, आपल्या पार्टीतल्या देवानंदचं नाव घालून देऊ. आमी बाया म्हटलं, नाही. जिनं केलं तिची जागा हाये ते. तिची जागा सोडून म्हणतो आमी. येईन कधी तं घेईन आपलं नाव."

"जिनं?" जयवंतानं विचारलं. "त्याच्यावर तं देवराव लिवून हाये. बाईनं केलं हे तुमाले कोण सांगतलं?"

प्रयागबाई हसली. टाके दुखले म्हणून हसू अर्ध्यावर आवरलं. "सांगाले कायले पाह्यजे? बाप्यानं केलं असतं तं म्हटलं असतं, नवं लुगडं आणलं अन् नेसली. काठाचा दोरा ओढून काढाची गोष्ट बाप्याले कुठून ठाऊक? माहा बी तेव्हा हिरवा काठ होता. असाच काढला, तीन दिवस लागले. तीस वर्षं मले वाटे, मीच एकटी. गाणं ऐकलं अन् म्हटलं, हे पाहा, अजून एक हाये."

जयवंतानं पोछा भिंतीला टेकवला. आयाबाईनं पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही असा दवाखान्याचा नियम होता. ती बसली. आणि शेवटचं कडवं म्हटलं, हळू, शेजारच्या खाटा जाग्या होऊ नयेत इतपत. नावाशी आली तेव्हा तिनं नाव गिळलं नाही.

प्रयागबाई फक्त म्हणाली, "पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. प्रयागबाईनं तीनदा म्हणवून घेतलं, चौथ्यांदा स्वतः म्हणून दाखवलं. तेवढ्यात सिस्टर आली आणि ओरडली, "आयाबाई, उठा तिथून!" प्रयागबाई ठसक्यात म्हणाली, "जयवंता नाव हाये तिचं." सिस्टरला त्यातलं काही कळलं नाही. चार दिवसांनी म्हातारीला सुटी मिळाली, मुलगा घेऊन गेला. जाताना तिनं पत्ता विचारला नाही की काही सांगितलं नाही.

दसरा आला. जयवंता जाणार नव्हती कॅसेटच्या दुकानांकडे. तिकडे नवी पोस्टरं, नवी गाणी, यंदा म्हणे बारा कॅसेटी आल्या होत्या. पण मीराबाईला नवीन काय ते पाहायचं होतं, म्हणून जावं लागलं. पिंपळपानच्या दुकानासमोर गोपाळरावही उभे होते, पांढरा सदरा घालून. दुकानदारानं नवी कॅसेट दोनदा वाजवली, कोणी थांबेना, म्हणून जुनी लावली. माय निघाली. जयवंता तोंड फिरवून उभी राहिली. तिसरं कडवं झालं आणि विश्वनाथनं बटण फिरवल्याप्रमाणे आवाज बारीक बारीक होत चालला.

आणि खालून दुसरा आवाज उठला. दुकानाच्या बाजूला सावलीत पंधरा-वीस बाया शिदोऱ्या सोडून बसल्या होत्या. भाकरी हातात तशीच धरून त्यांनी गाणं पुढं नेलं. लुगडं विरलं, वाट ना विरली. भोंग्यातला आवाज विझला आणि यांचा तेवढा राहिला. मधोमध प्रयागबाई, मांडीवर ठेका धरून. जयवंता म्हणे, यावर पंधरा-वीस गळे एकदम चढले आणि पुस्तकाच्या दुकानातली माणसंही वळून पाहू लागली. धृपद झालं. टाळी पडली. बायांनी भाकरीचा पुढचा घास मोडला.

गोपाळराव पुढे आले. त्यांनी प्रयागबाईला विचारलं, "बाई, हे कडवं कुठं भेटलं तुमाले?"

"जिचं हाये तिनं देल्लं," प्रयागबाई म्हणाली आणि भाजीचं भांडं पुढे ओढलं. "कोणाले पाह्यजे ते घ्या लिवून."

गोपाळरावांनी मागे वळून जयवंताकडे पाहिलं. वीस वर्षं तिच्या घरी चहा प्यालेला माणूस, त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही हात जोडले. तिनं ते पाहिलं की नाही कोण जाणे. ती त्या बायांकडेच पाहत होती.

मीराबाईचे डोळे भरले होते. तिनं जयवंताचा दंड धरून हलवला. "अवो, ऐकलं ना? काही बोल ना वं!"

"दुसऱ्या ओळीत चुकल्या," जयवंता म्हणाली. "लेकीच्या दारी म्हणून राहिल्या. पायी पाह्यजे."

मग पदरानं तोंड पुसलं.

"पण नाव बरोबर घेतलं."